वय, पिढी की काळ? 'आजकालची पिढी' म्हणण्याआधी हे वाचा

'जेन झी पेपर वाचत नाही', 'म्हाताऱ्यांना ॲप जमत नाही' असे ग्राफ तुमच्याही फीडवर येत असतील. असा ग्राफ दिसला की मी आधी विचारतो: हा फरक नेमका कशाचा? कारणं तीन असू शकतात.

वय: कोणत्याही पिढीत ठरावीक वयात होणारा बदल. चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर दिसायला लागतं, म्हणून फोनवरची अक्षरं मोठी केली जातात. आपल्याकडे त्या चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात.

काळ: सगळ्या वयांना एकदम हलवणारी घटना. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. कॉलेजातली मुलं काय नि आजोबा काय, सगळ्यांचाच फोनवापर बदलला.

पिढी: जन्मकाळामुळे लागलेली आणि वय वाढलं तरी टिकणारी सवय. रॉबर्ट पटनम यांनी 'बोलिंग अलोन' (२०००) या पुस्तकात अमेरिकेबद्दल हेच दाखवलं. तिथे रोज पेपर वाचणारे सहसा तो सोडत नव्हते. नंतर जन्मलेले तो हातातच घेत नव्हते.

मग अडतं कुठे?

सर्वेक्षणाचं वर्ष वजा जन्मवर्ष म्हणजे वय. २०२४ मधून २००२ वजा केले की २२ उरणारच. दोन आकडे कळले की तिसरा आपोआप ठरतो. त्यामुळे डेटा कितीही असला तरी निव्वळ गणिताने हे तीन परिणाम पूर्ण सुटे होत नाहीत. एकाच वर्षाच्या सर्वेक्षणात वय आणि पिढी मिसळतात. तीच माणसं दहा वर्षं पाहिली, तर वय आणि काळ मिसळतात.

म्हणून वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारावे लागतात. अमेरिकेचा जनरल सोशल सर्व्हे १९७२ पासून तेच करतो. शिवाय बाहेरची माहितीही लागते. डोळ्यांचं म्हणाल, तर शरीरशास्त्रच सांगतं की तो वयाचा परिणाम आहे. प्यू रिसर्च सेंटरनेही २०२३ मध्ये ठरवलं की पिढ्यांची तुलना करायची, ती त्याच वयातली जुनी आकडेवारी हाताशी असेल तरच.

हे कळून आपल्याला काय फायदा? समजा, एखाद्या बँकेला वाटलं की ॲप न जमणं हा फक्त जुन्या पिढीचा प्रश्न आहे, वीस वर्षांत आपोआप सुटेल. ती काउंटर बंद करेल आणि बारीक अक्षरं तशीच ठेवेल. चाळिशी मात्र तुम्हालाही लागणारच आहे.