मोटेचे चामडे आणि इंजिनाचे सील

मोटारीच्या कॅमशाफ्टचे सील बदलणे हे गॅरेजातले किरकोळ काम समजले जाते. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याचे टोक बाहेर येते, तेथे दातेरी चाक बसते व टायमिंगचा पट्टा ते फिरवतो. आतले तेल बाहेर पडू नये म्हणून दांड्याभोवती एक रबरी कडे दाबून बसवलेले असते. त्याची ओठासारखी पातळ कड बारीक स्प्रिंगने दांड्याला चिकटून राहते. काही वर्षांनी ही कड उष्णतेने कडक होते, तेल पाझरून पट्ट्यावर जाते आणि पट्टा खराब होतो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. त्यानंतर पट्ट्याच्या इंजिनांचे हे काम हळूहळू सातारा-सांगलीच्या मिस्त्रींच्याही हाती आले.

मला या कड्याच्या इतिहासात रस आहे. कारण तो चामड्यापासून सुरू होतो.

जर्मनीतील वाइनहाइम येथे फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा चामडे कमावण्याचा कारखाना १८४९ पासून होता. १९२९ च्या सुमारास मंदीच्या तडाख्यात चामड्याची मागणी घटली, तेव्हा त्यांनी यंत्रांसाठी चामड्याची सीले करायला घेतली. १९३२ मध्ये धातूच्या कड्यात चामडे व स्प्रिंग बसवून ‘सिमरिंग’ तयार झाले. अमेरिकेतील शिकागो रॉहाइड ही १८७८ ची कंपनी. चामडी पट्टे करता करता तीही सीलांकडे वळली. त्या काळी कॅमशाफ्ट बहुधा इंजिनाच्या पोटातच असे. सील लागे ते क्रँकशाफ्टला, चाकांच्या हबला. चामडे तेल पिऊन मऊ राहते, धूळ सोसते, ओबडधोबड दांड्यावरही बसते. मात्र ९० अंशांपुढची उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून कृत्रिम रबर आले.

आता प्रश्न असा की, द्रव अडवून धरणारे चामडे करण्याची ही विद्या आपल्या कृष्णाकाठी नव्हती काय? शेकडो वर्षे होती. मोट ही दुसरे काय होती? मेलेले जनावर महाराने ओढायचे. ढोराने कातडे चुन्यात भिजवून केस काढायचे, बाभळीची साल आणि हिरडा घालून ते कमवायचे. ढोर-चांभारांनी मोट शिवायची, नाडा आणि सोंदूर मांगाने वळायचा. तोंडाला लोखंडी कडे, खाली सोंड. भरलेल्या मोटेचा भार पेलून शिवण पाझरता कामा नये. हे मोजमापाचे, अनुभवाचे, म्हणजे शास्त्राचेच काम होते. पण त्याला शास्त्र म्हणायला येथे कोणी तयार नव्हते. मोबदला काय, तर खळ्यावरचे बलुते. मोटेचे पाणी पिकाला, घराला चाले. मोट करणाऱ्याचा हात लागला की विहीर बाटे!

याच भागात यंत्रयुगही लवकर आले. १९१० मध्ये औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांमागून पंप आले. १९२२ मध्ये सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला, पुढे तेथे डिझेल इंजिने होऊ लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) स्वातंत्र्यानंतर इंजिन आणि वीज यांनी मोट विहिरीवरून उतरवली. तिच्या जाण्याचे मला दुःख नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडा असे सांगितले, ते माणूसपणासाठी. कातड्याची कुंडे पुन्हा भरावीत असे म्हणणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका आहे.

माझा मुद्दा वेगळा आहे. वाइनहाइमच्या कारखानदाराजवळ भांडवल होते, पेढीवर पत होती, माल कोणाच्याही दारात नेण्याची मोकळीक होती. धंदा बुडू लागताच त्याने तेच ज्ञान मोटारीकडे वळवले. तेथील मजूर मालक झाले असे नव्हे. पण त्यांचे कसब तरी नव्या वस्तूत उतरले. आमच्या ढोराजवळ कसब होते आणि बाकी काहीच नव्हते. मोट गेली तेव्हा तो कारखान्याच्या दारात कारागीर म्हणून पोचला नाही. पोचला असेल तर हमाल म्हणून. हातपंपात तर पुढेही बराच काळ चामड्याचेच वायसर होते, तरी आमच्या औद्योगिक इतिहासात चामडे कमावणाऱ्याला पान नाही. नांगर, पंप, इंजिन यांची कथा लोखंडाची म्हणून सांगितली जाते. लोखंडाआधी पाणी कशाने वर येत होते आणि ते कोणी घडवले होते, हे प्रकरण गाळून टाकलेले असते. शाळेतल्या शिक्षकांनी तरी ते पोरांपुढे मांडावे.

सांगलीतल्या एका गॅरेजात मी हे सील बदलताना उभे राहून पाहिले. पोराने पट्टा उतरवला, दातेरी चाक काढले, दांड्याला ओरखडा न पाडता जुने कडे उपटले. दांड्यावर जुन्या कडेने पाडलेली बारीक चीर बोटाने चाचपली आणि नवे सील केसभर पुढे बसेल असे ठरवले. ते आत दाबण्यापूर्वी त्याने कडेवरून तेलाचा हात फिरवला. कोरडे बसवले तर पहिल्याच फेऱ्यात जळते, म्हणाला. मोटेलाही तेल पाजावे लागे.