पिवळी मुखपृष्ठं, काळे हातमोजे

आज लढाया नाहीत, तोफा नाहीत. आज खून आहेत, आणि तेही इटालियन सिनेमातले.

इटालियन भाषेत ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनानं १९२९ साली पिवळ्या मुखपृष्ठांची रहस्यकथा-मालिका काढली. ती इतकी खपली की इटलीत कुठल्याही रहस्यकथेला लोक ‘जाल्लो’च म्हणू लागले. (पिवळी पुस्तकं म्हटलं की आपल्याकडे भलताच अर्थ निघतो, तो डोक्यातून काढा.) मुसोलिनीच्या राजवटीला ही पुस्तकं खुपायची. शिस्तीच्या फॅसिस्ट देशात खून होतात आणि पोलीस चाचपडतात, हे छापायचं कसं? १९४१ मध्ये मालिका बंद पडली, ती युद्धानंतरच पुन्हा सुरू झाली.

सिनेमात हा प्रकार रुजवला मारिओ बाव्हानं. १९६४ च्या त्याच्या सिनेमात रोमच्या एका फॅशन हाउसमधल्या मॉडेल्सचे एकामागून एक खून होतात. झाकलेला चेहरा, हॅट, लांब कोट, काळे हातमोजे; खुन्याचा हा गणवेश तिथे ठरला. पण लाट आली ती १९७० मध्ये. दारिओ अर्जेंतो, वय अवघं २९, आधी वर्तमानपत्रात सिनेसमीक्षा लिहिणारा. निर्माते त्याचेच वडील, संगीत एन्नियो मोरिकोनेचं. सिनेमाचं नाव ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’.

रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री एका कलादालनाच्या काचेतून झटापट बघतो. काळ्या कोटातली व्यक्ती, एक बाई, सुरा. तो धावतो आणि दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो. समोर बाई रक्तबंबाळ आणि हा नुसता बघतोय. पुढचा सगळा सिनेमा तो तेच दृश्य आठवत राहतो, कारण त्यातलं काहीतरी जुळत नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली, म्हणून शेवट सांगतो: सुरा त्या बाईच्याच हातात होता. त्यानं सगळं नीट पाहिलं होतं. अर्थ मात्र उलटा लावला.

सैन्यात कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी बऱ्याच साक्षी ऐकल्या आहेत. खोटं बोलणारा लवकर सापडतो. प्रामाणिकपणे चुकीचं सांगणारा सापडता सापडत नाही.

आता तारीख बघा. १२ डिसेंबर १९६९, मिलानचा पियात्सा फोंताना चौक. कृषी बँकेत बॉम्बस्फोट, १७ मृत्यू. पोलिसांनी अराजकवाद्यांना धरलं. पिनेल्ली हा रेल्वे कामगार चौकशीदरम्यान पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. व्हाल्प्रेदा या नर्तकाला एका टॅक्सीवाल्यानं ओळखलं: ‘यालाच मी बँकेपाशी सोडलं.’ त्या एका ओळखीवर मुख्य भिस्त. व्हाल्प्रेदा तीन वर्षं तुरुंगात होता.

अर्जेंतोचा सिनेमा आला फेब्रुवारी १९७० मध्ये. दोन महिन्यांत सिनेमा बनत नाही, तेव्हा तो स्फोटावरून सुचला असं मी म्हणणार नाही. पण तिकीट काढून बसलेला माणूस रोजचं वर्तमानपत्र वाचून आलेला होता, एवढं खरं.

मग नकलांचा पूर आला. प्राण्यांची नावं, परदेशी नायक, मागाहून डब केलेले आवाज. बहुतेक भाग कचरा, आणि बायकांच्या हालांवर कॅमेरा ज्या चवीनं रेंगाळतो त्याचं समर्थन मी करत नाही. फुल्चीचा १९७२ चा सिनेमा मात्र वेगळा. दक्षिणेतलं खेडं, लहान मुलांचे खून. गावकरी ‘चेटकीण’ ठरवून एका बाईला साखळ्यांनी मारतात आणि खुनी निघतो गावचा पाद्री. कॅथलिक इटलीत हे दाखवायला छाती लागते.

१९७५ च्या ‘गडद लाल’मध्ये अर्जेंतोनं तर प्रेक्षकालाच साक्षीदार केलं. सुरुवातीलाच नायक चित्रांनी भरलेल्या बोळातून धावतो. त्यातलं एक चित्र नसून आरसा आहे आणि त्यात खुन्याचा चेहरा आहे. पडद्यावर तो खरोखर दिसतो. व्हिडिओ मागे नेऊन बघा. पहिल्यांदा कुणालाच दिसत नाही.

व्हाल्प्रेदा पुढे निर्दोष सुटला. २००५ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की स्फोटामागे नवफॅसिस्ट फ्रेदा आणि व्हेंतुरा होते. पण ते दोघे आधीच कायमचे निर्दोष ठरलेले असल्यामुळे त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता.