वालाला युरिया कशाला?

मागच्या आठवड्यात म्हशाच्या नाक्यावर चहा पिताना वाद झाला. एकजण म्हणाला, "वाल पिवळा पडलाय, दोन मुठी युरिया टाकतो." मी नको म्हटलं, तर म्हणे, "मग काय हवेवर वाढणार?" मी म्हटलं, हो, हवेवरच. सगळे हसले. म्हणून सविस्तर लिहितोय.

भात कापलं की खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा टाकायची आपल्या मुरबाड-शहापूरची जुनी रीत. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते तेव्हा वाल फुलाशेंगांवर असतो. तेव्हा एक रोप अलगद उपटा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला. नत्र पकडणारं विकर प्राणवायूने खराब होतं, म्हणून प्राणवायू बांधून ठेवायला हा पदार्थ लागतो.

कडधान्याने जमीन सुधारते हे शेतकऱ्याला ठाऊक होतंच. कारण सापडलं 1886 मध्ये. जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं की गाठीतले जिवाणू हवेतला नत्र घेतात. 1888 मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने तो जिवाणू वेगळा करून वाढवला. आपल्या देशात 1920 च्या सुमारास एन. व्ही. जोशी यांनी या जिवाणूंवर काम केलं. त्यांचं नाव आज कोणाला माहीत आहे?

पुढची गोष्ट जनुकांची. 1972 मध्ये इंग्लंडमध्ये डिक्सन आणि पोस्टगेट यांनी नत्र पकडणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात घातली, आणि ज्याला ते कधीच जमत नव्हतं तो जिवाणू नत्र पकडू लागला. 2001 मध्ये लसूणघासाच्या गाठीतल्या जिवाणूची सगळी जनुकं वाचून झाली. गाठ बांधायची आणि नत्र पकडायची मुख्य जनुकं त्याच्या एका वेगळ्या कड्यावर निघाली. ते कडं गेलं तरी जिवाणू जगतो, फक्त गाठ बांधत नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. हाच जिवाणू मातीत मोकळा असताना अमोनिया मिळाला की आधी स्वतःचं अंग भरतो. गाठीत शिरल्यावर मात्र अमोनिया वापरायची स्वतःची यंत्रणा मंदावतो आणि बनवलेला अमोनिया झाडाला देतो. रांधणाऱ्याने आपलंच ताट बाजूला सारावं, तसं. झाड फुकट घेत नाही, पानांत केलेल्या साखरेतून त्याला पोसतं.

हा खर्च झाडाला जड असतो. म्हणून मातीत आयता नत्र दिसला की झाड गाठी बांधणंच कमी करतं. युरिया टाकून आपण कारखान्याला टाळं लावतो ते असं.

तुर्भ्याचा खतकारखाना 1965 मध्ये सुरू झाला. तिथे हाच अमोनिया करायला 400 अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. युरियाची 45 किलोची गोणी आपल्याला 266.50 रुपयांना मिळते, उरलेला भार सरकार उचलतं. भाताला युरिया लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट, जे 10 किलो बियाण्याला पुरतं, त्याची चौकशी तरी कोण करतं?

मी गेल्या वर्षी केली. एका दुकानात पाकीट मिळालं, पत्र्याखाली तापलेलं, मुदत संपत आलेली. जिवाणू जिवंत असतो, हे दुकानात कोणाच्या गावी नव्हतं. वालाला चवळी गटाचं लागतं, हरभऱ्याचं चालत नाही. पाकिटावरचा गट पुसलेला. तरी गुळाच्या पाण्यात कालवून अर्ध्या खाचराच्या बियाण्याला लावलं, अर्ध्याला नाही. जानेवारीत गाठी मोजल्या. फरक काही नाही! पाकीट मेलेलं असेल, किंवा आमच्या मातीत वर्षानुवर्षं वाल असल्याने जिवाणू आधीच भरपूर असतील.

दुसरं कारण खरं असेल तर चिंता वेगळीच आहे. मोकाट गुरांपायी कित्येकांनी वाल टाकणं सोडलंय. एकट्याने पेरला की रातोरात फस्त. दिवाळीपासून होळीपर्यंत गुरं बांधायची, असा ठराव येत्या ग्रामसभेत मी मांडणार आहे. सोबत या. आणि जत्रेच्या सुमारास चार गाठी फोडून आतला रंग खाली लिहा, गावाच्या नावासकट.