पाठीवर रुग्ण घेतलेली माई : परिचारिका आणि आई सावित्रीबाई

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या पालघर-कोळगाव भागात सावित्रीमाईंची जयंती होते. फलकावर माईंच्या हातात पुस्तक असते. भाषणात भिडेवाड्यातली १८४८ ची शाळा असते, अंगावर झेललेले शेण-चिखल असतात. हे सगळे खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. पण मागे एका कार्यक्रमानंतर उपकेंद्रावर काम करणाऱ्या एका नर्सताईंनी आम्हाला विचारले, "माई शिक्षिका होत्या हे दरवर्षी ऐकते. पण त्या गेल्या कशाने, हे कुणीच का सांगत नाही? त्या तर आमचंच काम करताना गेल्या ना?"

त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

माईंची रुग्णसेवा १८९७ च्या प्लेगमध्ये सुरू झाली असे अनेकांना वाटते. ती त्याच्या चौतीस वर्षे आधी सुरू झाली होती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्याचे कारण जोतीरावांनीच ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला लिहून कळवले आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा फसवली गेली, गरोदर राहिली, आणि लोकलाजेपोटी तिने आपले मूल मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा पुरुष मात्र मोकळाच राहिला. पुनर्विवाहाला बंदी घालणाऱ्या धर्माला कुणी शिक्षा दिली नाही.

या गृहात १८८४ पर्यंत ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या, असे जोतीराव नोंदवतात. आता विचार करा. गृह काढले असे आपण एका वाक्यात म्हणतो. पण रात्री-अपरात्री तोंड लपवून आलेल्या त्या घाबरलेल्या पोरीला धीर कोणी दिला? पाणी कोणी तापवले? रक्ताने भरलेली लुगडी कोणी धुतली? तान्ह्या बाळांना जागून कोणी सांभाळले? हे काम ज्या घरात झाले त्या घरातल्या बाईचे नाव सावित्रीबाई होते.

इथे जातीचा प्रश्न येतो. ब्राह्मणी व्यवस्थेने बाळंतपणाला विटाळ ठरवले. सुईणीचे काम बहुतेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींच्या बायांवर टाकले. मूल जगात आणणारा हातच अपवित्र ठरवला! रक्त, पू, मळ, मृतदेह, जे जे माणसाच्या शरीराचे ते ते हलके, आणि त्याला हात लावणाराही हलका. अस्पृश्यतेचा पायाच हा आहे. म्हणून परिचर्या हे नुसते दयेचे काम नाही. जी बाई जात न पाहता दुसऱ्याचे शरीर स्वच्छ करते, ती या व्यवस्थेच्या मुळावर घाव घालते. माळी समाजातल्या सावित्रीबाईंनी ब्राह्मण विधवांची बाळंतपणे केली, आणि पुढे महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेतले. स्पर्श दोन्हीकडे सारखाच होता.

याच गृहात १८७४ च्या सुमारास एका ब्राह्मण विधवेच्या पोटी यशवंत जन्मला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला आपला वारस केले. आई होणे म्हणजे काय, हे माईंकडून शिकावे. लोक ज्याला विधवेचे पोर म्हणून हिणवत होते त्याला त्यांनी शिकवले, डॉक्टर केले. त्याला मुलगी द्यायला कुणी धजेना, तेव्हा सत्यशोधक ज्ञानोबा ससाणे पुढे आले आणि १८८९ मध्ये त्यांच्या मुलीशी यशवंताचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत दत्तक मुलाने टिटवे धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हातात घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.

आता १८९७. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात दिसलेला प्लेग पुण्यात पोहोचला होता. काखेत, जांघेत गाठ यायची, सणकून ताप भरायचा आणि काही दिवसांत माणूस जायचा. रोगाचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदरावरची पिसू तो पसरवते हे अजून सिद्ध व्हायचे होते. खात्रीचे औषध नव्हते. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. पुढे पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरात घुसून झडत्या घेऊ लागले. माणसे रोगाइतकीच सैनिकांना भिऊ लागली, रुग्ण लपवू लागली.

या साथीत माईंनी सैन्यात डॉक्टर असलेल्या यशवंताला बोलावून घेतले. एकुलत्या एका मुलाला आई साथीपासून दूर ठेवते. या आईने त्याला साथीत बोलावले! पुण्याबाहेर ससाण्यांच्या माळावर, मोकळ्या हवेत, दवाखाना सुरू झाला. सहासष्ट वर्षांच्या माई स्वतः रुग्ण गोळा करून आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांच्या घरातला मुलगा आजारी असल्याचे कळताच त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. पुढे त्यांनाही लागण झाली. १० मार्च १८९७ ला माई गेल्या.

त्याच वर्षी २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ती तारीख शाळेच्या पुस्तकात आहे. सैनिकांचा जुलूम खरा होता, त्याबद्दल वाद नाही. पण आमचा प्रश्न असा आहे की एकाच शहरातल्या, एकाच साथीतल्या दोन घटनांपैकी गोळी झाडलेली लक्षात राहते आणि रुग्ण पाठीवर घेतलेला विसरला जातो, हे कसे? इतिहास कोण लिहितो यावर ते ठरते. आणि खरे बोलायचे तर आपणही माईंची जयंती थाटात करतो, १० मार्चला मात्र एक हार घालून मोकळे होतो.

कुणी म्हणेल, माईंकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र कुठे होते? नव्हते. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लंडनला नर्सिंगची शाळा काढली १८६० साली, आणि तीनच वर्षांनी पुण्यात माई बाळंतिणींची सेवा करत होत्या. तिचा दिवा जगाला ठाऊक आहे. माईंची पाठ आपल्यालाच ठाऊक नाही.

दुसरा धोका आपल्या घरातला आहे. नर्सला 'माउली', 'त्यागमूर्ती' म्हणायचे आणि पगाराचा विषय निघाला की गप्प बसायचे, हे आपणही करतो. यशवंतही पुढे प्लेगनेच गेले. त्यांच्यामागे पत्नी चंद्रभागाबाई आणि लेकीची फार परवड झाली, राहते घरही विकावे लागले. ज्या घराने समाजासाठी दोन जीव दिले त्या घराकडे समाजाने पाहिले नाही. हार घालणारे हात तेव्हा कुठे होते?

आजही वेगळे नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, कोळगावला जिल्ह्याचे मोठे मुख्यालय उभे राहिले. पण जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर पावसाळ्यात अजूनही गरोदर बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. सव्वाशे वर्षांनंतरही रुग्ण माणसाच्याच खांद्यावर आहे. त्या डोलीबरोबर चालणारी आशाताई सरकारच्या लेखी अजून 'स्वयंसेविका' आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला, पण त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो. बाबासाहेबांनी आपल्याला हक्काची भाषा शिकवली. मग सेवा करणाऱ्या बाईशी बोलताना आपण उपकाराची भाषा का वापरतो?

म्हणून आमचे तरुण कार्यकर्त्यांना सांगणे आहे. येत्या १० मार्चला विहारात आपल्या भागातल्या नर्सताई, आशाताई, दवाखान्यातल्या आया आणि सफाई कामगार यांना बोलवा. त्यांना श्रोत्यांत बसवू नका, बोलायला लावा. त्यांचे मानधन किती महिने थकले ते ऐका, लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन त्यांच्यासोबत कोळगावच्या मुख्यालयाची पायरी चढा.

त्या नर्सताईंना आमचे उत्तर एवढेच : होय ताई, माई तुमचेच काम करताना गेल्या. ते सांगायला आम्हाला उशीर झाला.

जय जोती! जय सावित्री! जय भीम!