भोर-वेल्ह्यातील घाटवाटा आणि चालकविरहित वाहनांचा प्रसार

चालकविरहित वाहनांचा प्रसार कोणत्या घटकांवर अवलंबून आहे, हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञानाच्या अंगाने चर्चिला जातो. भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांचा वाहतूक-इतिहास मात्र वेगळा निष्कर्ष सुचवितो.

सह्याद्रीच्या एकाच धारेवरून येथे दोन जुन्या वाटा महाडकडे उतरतात. वरंधा घाटात कावळ्या किल्ल्याच्या डोंगरातून गाडीरस्ता झाला. वेल्ह्यातील केळदजवळचा मढे घाट दीर्घकाळ पायवाटच राहिला. मोटार दोहोंसाठी एकच होती. भेद रस्त्याचा होता.

रस्त्याइतकेच महत्त्व सार्वजनिक व्यवस्थेस आहे. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते तत्कालीन अहमदनगर या मार्गावर पहिली एस.टी. धावली. मोटार विकत घेणे ज्यांना अशक्य होते, त्यांच्यापर्यंत ती पुढे एस.टी.मुळेच पोहोचली.

तिसरा घटक कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवानाधारक मानवी चालक गृहीत धरला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने नवसंशोधनासाठी सूट देण्याची तरतूद केली. तथापि चालकच नसलेल्या वाहनाच्या अपघाताचे उत्तरदायित्व निश्चित करणारा स्वतंत्र कायदा अद्याप नाही.

दरडींमुळे वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवावा लागतो. जेथे कुशल चालकाचाही निरुपाय होतो, तेथे केवळ यंत्राच्या बुद्धिमत्तेवर विसंबता येणार नाही. रस्ता, सार्वजनिक सेवा आणि कायदा यांची जोड न मिळाल्यास नव्या युगातही अनेक गावांच्या वाट्यास मढे घाटाचेच भवितव्य येईल.