युक्रेनच्या युद्धांतील चार कागद

(१) अस्सल कागद कोणता, तालीक कोणती आणि मागाहून रचलेली हकीकत कोणती, हा विवेक या त्रैमासिकाच्या वाचकांस नवीन नाहीं. रशियानें २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर चाल केली, त्या युद्धाचा विचार वर्तमानपत्रें रणांगणाच्या अंगानें करितात. आम्ही तो येथें कागदांच्या अंगानें करण्याचें योजिलें आहे. एक जुना तहनामा, एक हमीपत्र, एक फौजेची गणती व एक निर्बंधांचा हुकूम, असे चार कागद या प्रकरणांत मुख्य होत. चारहींच्या बाबतींत कागदावरील मजकूर व प्रत्यक्ष स्थिति यांत अंतर पडलें. आणि तें अंतर वेळीं न ओळखल्याचें मोल असंख्य माणसांस द्यावें लागलें, असा आमचा अभिप्राय आहे.

(२) पहिला कागद पेरेयास्लावचा. शिवछत्रपतींनीं जावळी घेतली त्याच्या दोन वर्षें आधीं, म्हणजे जानेवारी १६५४ मध्यें, कोसॅकांचा हेटमन बोहदान खमेल्नित्स्की यानें पोलंडाविरुद्ध साह्य मिळावें म्हणून मॉस्कोच्या झार अलेक्सेईचें आधिपत्य स्वीकारलें. त्या प्रसंगीं झारच्या वतीनें त्याचा वकील बुतुर्लिन यानेंही शपथ वाहावी, असा हेटमनाचा आग्रह होता. झार आपल्या प्रजेपुढें शपथ वाहत नसतो, असें सांगून वकिलानें नकार दिला. आपल्याकडे बेलभंडार उभयपक्षीं दिला म्हणजे तो तह. एकानें मागितला व दुसऱ्यानें दिला म्हणजे तो कौल. पेरेयास्लाव येथें यांपैकीं काय झालें, हाच वादाचा विषय आहे. कोणी त्यास विलीनीकरण म्हणतात, कोणी संरक्षणाचा करार, कोणी केवळ लष्करी स्नेह. पुढें मार्चमध्यें मॉस्कोस जीं कलमें ठरलीं, त्यांची अस्सल प्रत आज उपलब्ध नाहीं. मसुदे, भाषांतरें व तालिका यांवरूनच तीं जाणावीं लागतात. इतकेंच नव्हे, तर १६५९ सालीं खमेल्नित्स्कीच्या पुत्रापुढें बापाचे करार म्हणून जो मजकूर ठेवण्यांत आला, तो मूळच्याहून भिन्न होता. असें असतां, १२ जुलै २०२१ रोजीं रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनीं दोन्ही लोक मुळांत एकच, हें सिद्ध करण्यासाठीं जो प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला, त्यांत पेरेयास्लावचा दाखला निर्विवाद म्हणून दिला आहे. सात महिन्यांनीं तोफा सुरू झाल्या. अस्सल प्रतीवांचून निर्णय देऊं नये हा संशोधकाचा नियम राजानें मोडला म्हणजे काय होतें, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

(३) दुसरा कागद बुडापेस्टचा, ५ डिसेंबर १९९४ चा. सोव्हिएट संघ मोडला तेव्हां सुमारे १,९०० लांब पल्ल्याचीं अण्वस्त्रें युक्रेनच्या भूमीवर राहिलीं होतीं. तीं सोडून देण्याच्या बदल्यांत रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनीं युक्रेनच्या स्वातंत्र्याचा व सीमांचा आदर करण्याचें कबूल केलें. शब्दज्ञांनीं येथें एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंग्रजी प्रतीच्या शीर्षकांत केवळ ‘आश्वासन’ या अर्थाचा शब्द आहे. रशियन व युक्रेनी प्रतींत ‘हमी’ या अर्थाचा. तिन्ही भाषांतील प्रती सारख्याच प्रमाण मानलेल्या! हमी मोडल्यास जामीनदारानें मदतीस फौज पाठवावी, असें मात्र कोणत्याच प्रतींत नाहीं. १९९६ च्या मध्यापर्यंत शेवटचें अण्वस्त्र रशियास पोंचतें झालें आणि २०१४ सालीं रशियानें क्रिमिया घेतला. जामिनावांचून कर्जरोखा घेणारा सावकार जसा फसतो, तसाच हा प्रकार झाला.

(४) तिसरा कागद फौजेचा. चालीपूर्वीं सरहद्दीवर दीड लाखाहून अधिक रशियन सैन्य जमलें होतें, आणि कीव्ह कांहीं दिवसांतच पडेल असा अदमास पश्चिमेकडील अनेक जाणत्यांचाही होता. प्रत्यक्षांत कीव्हच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटर लांबीची गाड्यांची रांग इंधन व शिधा यांच्या अभावीं खोळंबली, आणि एप्रिलच्या आरंभापर्यंत त्या बाजूचें सैन्य मागें गेलें. १४ एप्रिल रोजीं काळ्या समुद्रावरील ‘मोस्कव्हा’ हें मुख्य जहाज बुडालें. गणतीच्या यादींत घोडा लावावयाचा आणि पागेंत तो नसावयाचा, हा दोष आपल्या दप्तरांच्या अभ्यासकांस परिचित आहे. रशियाच्या संरक्षण खात्याचा एक उपमंत्री २०२४ सालीं पकडला गेला व पुढील वर्षीं अफरातफरीबद्दल त्यास १३ वर्षांची शिक्षा झाली; यावरून यादी व पागा यांतील अंतराचा कांहीं उलगडा होतो.

तथापि येथेंच थांबणें हें पक्षपाताचें होईल. कौटिल्यानें शक्ति तीन सांगितल्या आहेत: मंत्रशक्ति, कोश व दंड यांची प्रभुशक्ति, आणि पराक्रमाची उत्साहशक्ति. पूर्वाचार्य उत्साहास श्रेष्ठ मानीत. कौटिल्य म्हणतो कीं, प्रभावशाली राजा द्रव्य देऊन शूर पुरुष मिळवितो, म्हणून प्रभाव अधिक. पहिल्या वर्षीं युक्रेनच्या उत्साहानें खारकीव्ह प्रांताचा मोठा भाग व खेरसोन शहर परत घेतलें. परंतु रशियानें सप्टेंबर २०२२ मध्यें तीन लाख माणसें बोलाविलीं, पुढें मोठ्या रकमा देऊन शिपाई नेमिले, इराणी बनावटीचे ड्रोन व उत्तर कोरियाचे सैनिक आणिले. १९२३ नव्हे, २०२३ च्या उन्हाळ्यांत युक्रेनची चाल झापोरिझ्झियाच्या सुरुंगांत व खंदकांत अडकली. मात्र प्रभावाहूनही मंत्र श्रेष्ठ, हें कौटिल्याचें उत्तर विसरूं नये. मूळ मसलतच चुकल्यानें पुढील सारा प्रभाव ती चूक निस्तरण्यांत खर्च झाला.

(५) चौथा कागद निर्बंधांचा. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांतील सुमारे ३०० अब्ज डॉलरांची ठेव गोठविण्यांत आली. मार्च २०२२ मध्यें एका डॉलरास शंभराहून अधिक रुबल पडूं लागले, आणि आतां कोश फुटला असें पुष्कळांस वाटलें. परंतु जूनमध्यें तोच भाव साठाच्या आंत आला, कारण तेल व वायु यांचा पैसा येतच होता. ५ डिसेंबर २०२२ पासून तेलास पिंपामागें ६० डॉलरांची मर्यादा घातली. रशियानें जुनीं जहाजें जमवून निराळी वाट काढली. या वाटेवर आपला देशही उभा आहे. युद्धापूर्वीं भारताच्या आयात खनिज तेलांत रशियाचा वांटा जेमतेम दोन टक्के होता. २०२३ सालीं तो एकतृतीयांशाच्या वर गेला. त्याचा दंड म्हणून ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें भारतीय मालावर २५ टक्के जादा जकात बसविली. निर्बंध निष्फळ झाले असेंही म्हणतां येत नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें मॉस्कोच्या बँकेस व्याजाचा दर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. यूरोपचें वायूचें गिऱ्हाईक बहुतांशीं गेलें. वेढा किल्ल्यास एका दिवसांत पाडीत नाहीं, धान्याचीं कोठारें मात्र हळूहळू रितीं करितो.

(६) राजकीय फळ याहून विपरीत. नाटो संघ आपल्या सीमेजवळ येऊं नये म्हणून युद्ध, असें सांगितलें गेलें. परंतु एप्रिल २०२३ मध्यें फिनलंड व मार्च २०२४ मध्यें स्वीडन त्या संघांत सामील झाले, आणि फिनलंडची रशियाशीं लागलेली सीमाच १,३०० किलोमीटरांहून अधिक आहे. घरांतही जून २०२३ मध्यें प्रिगोझिनची भाडोत्री फौज मॉस्कोच्या रोखानें वळली होती. २०२५ अखेरपर्यंत युद्ध थांबलें नव्हतें आणि युक्रेनचा सुमारे पंचमांश प्रदेश रशियाच्या ताब्यांत होता.

(७) शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची. नोव्हेंबर २०२२ मध्यें खेरसोन सोडतांना रशियन सैन्यानें तेथील कलासंग्रहालयांतील सुमारे दहा हजार कलाकृती व सरकारी दप्तरखान्यांतील कागदपत्रें गाड्यांत भरून नेलीं. चेर्निहीव्ह येथील जुन्या सोव्हिएट गुप्त पोलिसांचें दप्तर आगींत नष्ट झालें. ज्या युद्धाचा आरंभ जुन्या कागदाच्या दाखल्यानें झाला, त्यानेंच दप्तरें रितीं करावीं, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. अस्सल नाहींसें झालें म्हणजे वाटेल ती तालीक प्रमाण ठरवितां येते, हें १६५९ सालीं दिसलेंच आहे. म्हणून ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत, त्यांनीं त्यांच्या नकला करून निरनिराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, व प्रत्येक नकलेवर ती कशावरून घेतली हें लिहावें. काम लहान आहे. परंतु उद्यां कोणी आपल्या पूर्वजांच्या नांवें खोटा करार पुढें केला, तर त्यास उत्तर देण्यास दुसरें साधन नाहीं.