निकेलमधला लोखंडी मळ

सुपेल्याहून रेल्वेरूळ ओलांडले की भिलाईची पोलादनगरी लागते. १९५९ पासून दल्ली-राजहराच्या खनिजातून इथे लोखंड निघतंय. पण पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या स्वस्त उत्प्रेरकांच्या कुळात लोखंडाला मानाचं पान मिळायला १९८७ साल उजाडावं लागलं.

या कुळाचा आरंभ १८०० सालचा, लंडनमधला. निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या विजेरीला पितळी तारा जोडून पाण्यात सोडल्या. एकीवर हायड्रोजनचे बुडबुडे आले. दुसरीला ऑक्सिजनच खाऊ लागला. प्लॅटिनमची तार घेतली तेव्हा कुठे दोन्ही वायू मिळाले. महागड्या धातूंचं वेड तेव्हापासूनचं. आम्लात आजही प्लॅटिनम-इरिडियमवर मदार असते. कॉस्टिकच्या अल्कधर्मी पाण्यात मात्र निकेल तगतं.

या निकेलला धार आणली मरे रेनी या अमेरिकी अभियंत्याने, आणि तीही वनस्पती तुपापायी! १९१५ मध्ये टेनेसीतल्या एका तेल कंपनीत पाण्यापासून हायड्रोजन काढणारे सेल बसवायचं काम त्याच्याकडे होतं. तो वायू सरकीच्या तेलाशी जुळवायला अधिक चपळ निकेल हवं, म्हणून त्याने निकेलमध्ये आधी सिलिकॉन, मग अॅल्युमिनियम निम्मेनिम मिसळून वितळवलं आणि तो मिश्रधातू कॉस्टिक सोड्यात टाकला. अॅल्युमिनियम विरघळलं, मागे छिद्राछिद्रांचं निकेल उरलं. क्रियेला मोकळा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढला. १९५० च्या दशकात जर्मनीत युस्टी आणि विन्सेल यांनी त्याचेच इलेक्ट्रोड केले. तुपाच्या घरी दिलेलं निकेल पाण्याच्या माहेरी आलं म्हणायचं.

अडचण उरली ऑक्सिजनच्या बाजूला. पाण्यातून चार इलेक्ट्रॉन सोडवून ऑक्सिजनचा एक रेणू जुळवणं हे संथ काम. इकडे निकेल बॅटरीवाल्यांची मात्र उलटी तक्रार: पट्टीत लोखंड शिरलं की चार्ज करताना ऑक्सिजन सुटून वीज वाया जाते. १९८७ मध्ये डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं, की निकेल ऑक्साइडच्या थरात लोखंडाचा अंश असला तर ऑक्सिजन कमी व्होल्टला सुटतो. २०१४ मध्ये अमेरिकेत बोएचर यांच्या गटाने तर ‘शुद्ध’ निकेलच्या जुन्या कीर्तीचं बिंग फोडलं. त्यातलं पुष्कळसं श्रेय कॉस्टिक पोटॅशमधून नकळत आलेल्या लोखंडाचं होतं. दोष म्हणून हिणवलेला मळच कर्तबगार निघावा, हे मला फार आवडतं.

लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन कोकऐवजी हायड्रोजननेही काढता येतो, म्हणून पोलादवाल्यांचाही अशा स्वस्त हायड्रोजनवर डोळा आहे. तरी भाबडेपणा नको. किलोभर हायड्रोजनला आदर्श स्थितीतही सुमारे ३९ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात ५० किंवा त्याहून जास्त. उत्प्रेरक कितीही स्वस्त असो, त्याची कात्री वरच्या युनिटांनाच लागते. ३९ युनिटांचं बिल भरावंच लागतं.